एमपीजेई: अमेरिकेतल्या फार्मसी कायद्याच्या परीक्षेची तयारी कशी करायची आणि कुठे चुकतं

फार्म.डी. करून महाराष्ट्रातून इकडे आलेल्या मुलामुलींना अभ्यासात मदत करताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. नॅप्लेक्स, म्हणजे औषधोपचाराची मोठी परीक्षा, त्यांना जमते. अडतात ती एमपीजेईला, कायद्याच्या परीक्षेला. नॅप्लेक्ससाठी सहा महिने दिलेले असतात आणि कायद्यासाठी दहा दिवस. तेही कुणीतरी पाठवलेल्या, बरेचदा दुसऱ्याच राज्याच्या नोट्सवर.

या परीक्षेत कलमांचे क्रमांक विचारत नाहीत. तुम्ही काउंटरवर उभे आहात, समोर अमुक चिठ्ठी आली आहे, राज्य हे आहे, तर आता काय कराल, असा प्रश्न येतो. केंद्राचा कायदा एक सांगतो आणि राज्याचा दुसरंच. हा प्रश्न केंद्राच्या कायद्यावरचा आहे की राज्याच्या, हे कुठेही लिहिलेलं नसतं. त्या राज्यात त्या क्षणी जो नियम लागू असेल, तेच उत्तर. सगळी तयारी याच एका गोष्टीभोवती करायची आहे.

खाली उदाहरणं मुख्यतः न्यूयॉर्कची घेतली आहेत. तुमचं राज्य वेगळं असेल तर पद्धत घ्या, न्यूयॉर्कचे आकडे घेऊ नका.

## टप्पा १: या परीक्षेपर्यंत आपण पोहोचतो का, ते आधी पाहा

परदेशात शिकलेल्यांनी आधी एफपीजीईसी, म्हणजे परदेशी फार्मसी पदवीधरांसाठीचं प्रमाणपत्र मिळवायचं. त्यासाठी पदवीची छाननी, टोफेल ही इंग्रजीची परीक्षा आणि एफपीजीईई ही फार्मसीची परीक्षा असते. मग राज्याच्या नियमानुसार इंटर्नशिपचे तास, आणि त्यानंतर नॅप्लेक्स व एमपीजेई.

इथे बरेच जण पहिल्याच पायरीवर फसतात. १ जानेवारी २००३ किंवा त्यानंतर पदवी घेतलेल्यांचा फार्मसीचा मूळ अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा असावा लागतो. आपलं बी.फार्म. चार वर्षांचं आहे. त्यावर एम.फार्म. केलं म्हणून ही पाच वर्षं भरत नाहीत. फार्म.डी. सहा वर्षांचं असल्यामुळे त्यांना ही अडचण येत नाही. लग्नानंतर इकडे आलेल्या कितीतरी बी.फार्म. मुली पुस्तकं विकत घेऊन, शिकवणीचे पैसे भरून बसतात आणि ही अट त्यांना नंतर कळते. म्हणून पुस्तक उघडण्याआधी पात्रतेचा नियम शब्द न् शब्द वाचा.

तपासा: पदवीची तारीख, अभ्यासक्रमाची वर्षं, राज्याला हवे असलेले इंटर्नशिपचे तास. तिन्ही कागदावर लिहून झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा २: राज्य ठरवा, मग परीक्षा

एमपीजेई एकच परीक्षा वाटते, पण ती प्रत्येक राज्यासाठी वेगळी असते. न्यूयॉर्कची पास झालात म्हणून न्यूजर्सीत चालत नाही. कॅलिफोर्निया तर एमपीजेई घेतच नाही, त्यांची सीपीजेई नावाची स्वतःची परीक्षा आहे. शिवाय या परीक्षा घेणाऱ्या एनएबीपी या संस्थेने अनेक राज्यांसाठी एकसमान अशी कायद्याची परीक्षा आणण्याचंही जाहीर केलं आहे. त्यामुळे आपलं राज्य आज कोणती परीक्षा मानतं, हे त्या राज्याच्या फार्मसी बोर्डाच्या संकेतस्थळावरच बघायचं. दोन वर्षांपूर्वी पास झालेल्या मैत्रिणीला विचारून हे ठरवू नका.

नवऱ्याची नोकरी बदलणार असेल, घर हलणार असेल, तर ते आधी ठरू द्या. एका राज्याचा अभ्यास अर्धा झाल्यावर दुसऱ्या राज्याची परीक्षा देणं म्हणजे डोक्यात दोन नियमांची खिचडी. ती निस्तरायला नव्याने अभ्यास करण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

## टप्पा ३: नाव जुळवून घ्या

हा टप्पा छोटा आहे, पण मराठी माणसाला हमखास अडवणारा. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी पद्धत. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या नावाचा, आणि मधलं नावही बदललेलं. परीक्षा केंद्रावर तुमच्या ओळखपत्रावरचं नाव आणि परीक्षेच्या परवानगीपत्रावरचं नाव जुळायलाच हवं. नाही जुळलं तर आत सोडत नाहीत.

अर्ज भरतानाच पासपोर्टवर किंवा राज्याच्या ओळखपत्रावर जसं आहे तसंच नाव लिहा. नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत अर्जासोबत आधीच द्या.

सावध: परवानगीपत्राला मुदत असते. ते हातात आल्यावर अभ्यास सुरू करायचा, असं ठरवू नका. अर्ज करतानाच निम्मा अभ्यास झालेला असावा.

## टप्पा ४: मूळ कायदा जमवा, उसन्या नोट्स बाजूला ठेवा

तीन गोष्टी लागतात. पहिली, केंद्राचा नियंत्रित औषधांचा कायदा आणि त्याखालचे नियम. यातला २१ सीएफआरचा (सीएफआर म्हणजे केंद्राच्या नियमांचा संग्रह) भाग १३०६ म्हणजे चिठ्ठ्यांचे नियम. तो पूर्ण वाचायचा, एकही ओळ सोडायची नाही. दुसरी, डीईएने, म्हणजे नियंत्रित औषधांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, फार्मासिस्टसाठी काढलेली पुस्तिका. हीच नियमावली तिथे सोप्या भाषेत मांडली आहे. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, तुमच्या राज्याचा कायदा.

राज्याचा कायदा एकाच जागी मिळेल असं धरून चालू नका. न्यूयॉर्कमध्ये फार्मासिस्टचा परवाना शिक्षण खातं देतं. म्हणून फार्मसीचा कायदा शिक्षण कायद्याच्या १३७व्या प्रकरणात आहे आणि त्याचे नियम आठव्या खंडाच्या भाग ६३ मध्ये. नियंत्रित औषधं मात्र आरोग्य खात्याकडे. त्यांचा कायदा सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या ३३व्या प्रकरणात आणि नियम दहाव्या खंडाच्या भाग ८० मध्ये. पुष्कळ जण बोर्डाचं पान वाचतात, सगळं झालं असं समजतात आणि भाग ८० उघडतही नाहीत. परीक्षेतले अवघड प्रश्न नेमके तिथून येतात. तुमच्या राज्यातही नियंत्रित औषधांचं खातं वेगळं आहे का, हे पहिल्याच दिवशी शोधा.

उसन्या नोट्सबद्दल मी एवढं सांगते कारण त्यातल्या चुका दिसत नाहीत. अक्षर सुबक, तक्ते रंगीत, पण नियम जुना. मला आलेल्या फायलींमध्ये सापडलेल्या काही गोष्टी (आधी नोट्समधलं चुकीचं वाक्य, मग खरा नियम):

- ओरेगनमध्ये स्यूडोएफेड्रिनला, म्हणजे चोंदलेल्या नाकावरच्या औषधाला, चिठ्ठी लागते. हा नियम २००६ पासून होता, २०२२ मध्ये गेला.
- ब्युप्रेनॉर्फिन व्यसनमुक्तीसाठी लिहायला डॉक्टरकडे एक्सने सुरू होणारा वेगळा डीईए क्रमांक हवा. ही अट डिसेंबर २०२२ च्या कायद्याने काढून टाकली.
- हायड्रोकोडोन या वेदनाशामकाची मिश्र औषधं शेड्यूल ३ मध्ये (शेड्यूल म्हणजे नियंत्रित औषधांचे गट, त्यांबद्दल टप्पा ५ मध्ये). ती ६ ऑक्टोबर २०१४ पासून शेड्यूल २ मध्ये आहेत.
- शेड्यूल २ चा माल मागवायचा फॉर्म २२२ तीन प्रतींत भरायचा. ३० ऑक्टोबर २०२१ पासून एकपानी फॉर्मच चालतो.
- भरली न गेलेली शेड्यूल २ ची इलेक्ट्रॉनिक चिठ्ठी दुसऱ्या दुकानात पाठवताच येत नाही. ऑगस्ट २०२३ पासून पहिल्या भरण्यासाठी ती एकदा पाठवता येते, राज्याच्या कायद्यात बसत असेल तर.

यातली एकही चूक नुसतं वाचून पकडता येत नाही. नोट्स वापरायच्याच असतील तर त्यातलं प्रत्येक वाक्य मूळ नियमाशी ताडून बघा. ताडलेल्या वाक्यापुढे तारीख टाका. तारीख नसलेलं वाक्य पाठ करायचं नाही.

## टप्पा ५: दोन रकाने भरा

सगळ्या अभ्यासाचा गाभा हाच आहे, इथे घाई करू नका. मोठी वही घ्या आणि पानावर उभी रेघ मारा. डावीकडे केंद्र, उजवीकडे तुमचं राज्य. एका ओळीत एकच मुद्दा. दोन्ही रकाने भरले की ज्या बाजूचा नियम लागू होतो, त्याला गोल करा.

त्याआधी एक सवय मोडायला हवी. आपण भारतातल्या औषध नियमांतली शेड्यूल एच, एच१ आणि एक्स शिकून आलो. तिथे अक्षरं आहेत, इथे आकडे. इथे आकडा जितका लहान, तितकं औषध कडक. शेड्यूल १ ची औषधं चिठ्ठीवर दुकानातून देतच नाहीत. २ सगळ्यात कडक, ५ सगळ्यात सैल. नुसतं चिठ्ठीवर मिळणारं साधं औषध, उदाहरणार्थ रक्तदाबाची गोळी, या आकड्यांत येतच नाही. ‘शेड्यूल’ हा शब्द दिसला की मनात एच उभं राहतं आणि मग रक्तदाबाची गोळीही नियंत्रित वाटू लागते. शिकाऊ मुलांकडून ही गफलत पहिल्या महिन्यात रोज होते.

आता न्यूयॉर्कच्या काही ओळी भरून बघू.

अल्प्राझोलाम. केंद्रात शेड्यूल ४. लिहिल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांत जास्तीत जास्त पाच रिफिल. न्यूयॉर्कमध्ये बेंझोडायझेपिनला (अल्प्राझोलाम याच गटातलं) रिफिलच नाही. एका वेळी सहसा तीस दिवसांचं औषध. पॅनिक डिसऑर्डरसारख्या काही ठरावीक कारणांसाठी डॉक्टरने चिठ्ठीवर कारण किंवा त्याचं संकेताक्षर लिहिलं तर तीन महिन्यांपर्यंत. गोल उजवीकडे.

टेस्टोस्टेरॉन. केंद्रात शेड्यूल ३, न्यूयॉर्कमध्ये शेड्यूल २. चिठ्ठीला राज्याचा नियम लागतो. पण घाऊक विक्रेत्याकडून माल मागवायला फॉर्म २२२ लागेल का? नाही. तो फॉर्म केंद्राचा आहे आणि केंद्राच्या यादीतल्या शेड्यूल १ व २ साठीच आहे. म्हणजे एकाच औषधाला देताना राज्य बघायचं आणि मागवताना केंद्र. ही ओळ नीट समजली की बाकीच्या निम्म्या ओळी सोप्या जातात.

शेड्यूल २ ची चिठ्ठी किती दिवस चालते? केंद्राच्या कायद्यात मुदतच दिलेली नाही. न्यूयॉर्कमध्ये लिहिल्यापासून तीस दिवस. डावा रकाना रिकामा राहिला म्हणून ओळ खोडू नका. केंद्र गप्प असेल तिथे राज्य जे म्हणेल तोच कायदा.

नोंदी किती वर्षं ठेवायच्या? नियंत्रित औषधांच्या नोंदी केंद्रासाठी दोन वर्षं, न्यूयॉर्कमध्ये पाच.

अचानक उद्भवलेल्या दुखण्यासाठी ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीचं वेदनाशामक. केंद्राने दिवसांची मर्यादा घातलेली नाही. न्यूयॉर्कमध्ये जुलै २०१६ पासून पहिली चिठ्ठी जास्तीत जास्त सात दिवसांची.

कागदी चिठ्ठी. २७ मार्च २०१६ पासून न्यूयॉर्कमध्ये चिठ्ठी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवणं बंधनकारक आहे. यावरून बहुतेक जण ठरवून टाकतात की कागदी चिठ्ठी आली की परत पाठवायची. हे चूक आहे. कायद्यात अपवाद आहेत, आणि डॉक्टर त्या अपवादात बसतो की नाही हे तपासायची जबाबदारी फार्मासिस्टवर टाकलेली नाही. चिठ्ठी इतर सर्व बाबतीत बरोबर असेल तर औषध देता येतं. ‘बंधनकारक’ हा शब्द दिसला की तो कुणावर बंधनकारक आहे, ते वाचा.

गॅबापेंटिन. केंद्राच्या यादीत नाही. केंटकीत २०१७ पासून आणि व्हर्जिनियात २०१९ पासून शेड्यूल ५ मध्ये. तुमच्या राज्याने केंद्राच्या यादीत नसलेली कोणती औषधं स्वतःहून घातली आहेत, त्याची वेगळी यादी करा. ही यादी सहसा छोटी असते आणि परीक्षेत हटकून येते.

‘जो कडक तो खरा’ हा ठोकताळा बहुतेक ठिकाणी चालतो. पण फॉर्म २२२ चं उदाहरण लक्षात असू द्या. आधी विचारायचं की हा नियम कोणत्या कामाचा आहे. कडक कोण, हा प्रश्न त्यानंतर.

तपासा: अशा किमान साठ-सत्तर ओळी भरल्या? प्रत्येक ओळीत गोल आहे? कोणत्या कलमावरून भरली, ते बाजूला लिहिलं? तीनही हो असतील तरच पुढचा टप्पा.

## टप्पा ६: गोंधळणारे आकडे एका पानावर आणा

काही आकडे एकमेकांत मिसळतात, कारण ते एकाच गोष्टीचे वेगवेगळे प्रकार असतात. ते शेजारी शेजारी लिहिल्याशिवाय वेगळे होत नाहीत.

शेड्यूल २ चं औषध अर्धवट देणं, हा यातला सगळ्यात फसवा मुद्दा. केंद्राच्या नियमात तीन वेगळे प्रसंग आहेत. दुकानात माल कमी पडला म्हणून कमी दिलं, तर उरलेलं ७२ तासांत द्यायचं. नाही देता आलं तर डॉक्टरला कळवायचं, आणि पुढे नवी चिठ्ठी लागते. रुग्णाने किंवा डॉक्टरने स्वतःच कमी मागितलं, तर चिठ्ठीच्या तारखेपासून ३० दिवस. ही तरतूद २०१६ च्या कायद्याने आली. रुग्ण दीर्घ शुश्रूषागृहात असेल किंवा अखेरच्या आजारात असेल, तर ६० दिवस. प्रश्नात कमी देण्याचं कारण एका शब्दात दडलेलं असतं. तो शब्द सुटला की उत्तर गेलं.

बाकीचे आकडे:

- स्यूडोएफेड्रिन: दिवसाला ३.६ ग्रॅम, दुकानातून ३० दिवसांत ९ ग्रॅम, टपालाने मागवल्यास ३० दिवसांत ७.५ ग्रॅम. नोंदवही दोन वर्षं.
- चोरी किंवा मोठी तूट: कळल्यापासून कामाच्या एका दिवसात डीईएला लेखी कळवायचं, फॉर्म १०६ ४५ दिवसांत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने. ४५ दिवसांची मुदत २०२३ पासून आहे, जुन्या पुस्तकांत ती सापडत नाही.
- साठामोजणी: दर दोन वर्षांनी. शेड्यूल २ ची नेमकी मोजणी. ३ ते ५ चा अंदाज चालतो, पण उघडलेला डबा हजारापेक्षा जास्त गोळ्यांचा असेल तर तोही मोजायचा.
- शेड्यूल २ च्या अनेक चिठ्ठ्या एकाच दिवशी: मिळून ९० दिवसांपर्यंत. पुढच्या प्रत्येक चिठ्ठीवर ‘या तारखेआधी देऊ नये’ अशी तारीख हवी.

याच पानाच्या तळाशी लहान मुलांना न उघडणाऱ्या झाकणाचा नियम लिहून ठेवा, कारण त्यात आकडा नसला तरी गोंधळ तसाच आहे. सगळी औषधं साध्या झाकणात द्या, असं रुग्ण एकदाच सांगून ठेवू शकतो. डॉक्टर मात्र असं सरसकट सांगू शकत नाही, तो त्या त्या चिठ्ठीपुरतंच सांगू शकतो.

## टप्पा ७: डीईए क्रमांक तपासायला हाताला सवय लावा

क्रमांकात दोन अक्षरं आणि सात अंक असतात. दुसरं अक्षर सहसा डॉक्टरच्या आडनावाचं पहिलं अक्षर. पहिलं अक्षर डॉक्टरांसाठी ए, बी, एफ किंवा जी. नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंटसाठी एम.

सरावासाठी एक क्रमांक घेऊ. डॉक्टरचं आडनाव ‘के’ने सुरू होतं आणि क्रमांक आहे बीके २७४१८६२.

१. पहिला, तिसरा आणि पाचवा अंक: २ + ४ + ८ = १४.
२. दुसरा, चौथा आणि सहावा अंक: ७ + १ + ६ = १४. याची दुप्पट २८.
३. दोन्हींची बेरीज ४२. शेवटचा अंक २.
४. क्रमांकाचा सातवा अंक २. जुळतो.

दुप्पट पहिल्या बेरजेची करायची की दुसरीची, इथे गडबड होते. रोज पाच क्रमांक, सलग दोन आठवडे, कागदावर सोडवा.

सावध: बेरीज जुळली म्हणजे चिठ्ठी खरी, असं नाही. क्रमांकाची रचना बरोबर आहे, एवढंच त्यातून कळतं. दंतवैद्याने स्वतःच्या रुग्णाला वजन कमी करायच्या गोळ्या लिहिल्या, तर डीईए क्रमांक बरोबर असूनही चिठ्ठी चालत नाही. लिहिणाऱ्याचं कार्यक्षेत्र आणि रोगोपचाराचं रास्त कारण या दोन्ही गोष्टी बघायच्याच.

## टप्पा ८: परवाने आणि दुकानाचे नियम

परीक्षेत मोठा वाटा प्रत्यक्ष कामाचा, म्हणजे चिठ्ठी, औषध देणं, नोंदी यांचा असतो. परवाने आणि दुकानाची व्यवस्था यांचा त्यामानाने कमी. म्हणून यावर चार-पाच दिवस पुरेत. एका फार्मासिस्टमागे किती टेक्निशियन चालतात, प्रमुख फार्मासिस्ट बदलला तर बोर्डाला किती दिवसांत कळवायचं, परवान्याचं नूतनीकरण किती वर्षांनी, त्यासाठी किती तासांचं प्रशिक्षण, फार्मासिस्ट लस देऊ शकतो का आणि कुणाला. सगळी उत्तरं तुमच्या राज्याच्या नियमांत आहेत, आणि केंद्राचा रकाना इथे जवळजवळ कोराच राहतो.

समुपदेशनाचा नियम मात्र दोन्हीकडे पाहा. १९९० च्या केंद्रीय कायद्याने ते मेडिकेडच्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, रुग्णांसाठी आणलं. राज्यांनी ते सगळ्या रुग्णांपर्यंत वाढवलं. विचारायचं कुणी, फार्मासिस्टने स्वतः की मदतनीसाने, हे राज्यागणिक बदलतं.

## टप्पा ९: प्रश्न वाचायचा सराव

एक नमुना बघा. न्यूयॉर्क. शुक्रवारी रात्री नऊ वाजता ओळखीचे डॉक्टर फोन करतात. कर्करोगाच्या रुग्णाला असह्य वेदना आहेत, आत्ता चिठ्ठी पाठवता येत नाही, ऑक्सिकोडोन (शेड्यूल २ चं वेदनाशामक) दहा दिवसांचं द्या. तुम्ही काय कराल?

पर्यायांत असतं: दहा दिवसांचं द्या आणि सात दिवसांत चिठ्ठी मागवा, पाच दिवसांचं द्या आणि ७२ तासांत चिठ्ठी मागवा, पाच दिवसांचं द्या आणि सात दिवसांत चिठ्ठी मागवा, देऊच नका.

केंद्राचा नियम पाठ असलेला लगेच ‘सात दिवस’ शोधतो. केंद्राच्या नियमात नंतरच्या चिठ्ठीला सातच दिवस आहेत, आणि औषध आणीबाणीपुरतं द्यायचं एवढंच म्हटलं आहे. न्यूयॉर्क पाच दिवसांपेक्षा जास्त देऊ देत नाही आणि चिठ्ठी ७२ तासांत मागतं. दुसरा पर्याय बरोबर. आमच्या अभ्यासगटातल्या एका मुलीने हा प्रश्न तीन वेळा चुकवला. चौथ्यांदा तिने उत्तराकडे बघायच्या आधी कागदावर फक्त ‘राज्य?’ असं लिहिलं आणि मग बरोबर सोडवला. ती पुढे प्रत्येक प्रश्नाला हेच करू लागली. तुम्हीही करा.

वाचताना या चार गोष्टी पेन्सिलीने टिपायच्या: औषध कोणतं, शेड्यूल राज्याच्या यादीत कोणतं, तारीख, आणि कोण काय करतंय. त्याखेरीज प्रश्नात आलेली रुग्णाची कहाणी बरेचदा लक्ष विचलित करण्यासाठी असते.

‘लागू असलेले सर्व पर्याय निवडा’ अशा प्रश्नांत अर्धे गुण मिळत नाहीत. तिथे प्रत्येक पर्याय हा स्वतंत्र खरं-खोटं प्रश्न समजून सोडवा. ‘तीन तर बरोबर वाटतात, पुरे’ म्हणून पुढे जाऊ नका.

सावध: भारतातला अनुभव इथे मध्ये येतो. नेहमीचं गिऱ्हाईक आहे, डॉक्टर ओळखीचे आहेत, चिठ्ठी उद्या आणून देईल, हे विचार उत्तर निवडताना नकळत मनात असतात. पर्यायांत असं माणुसकीचं वाटणारं एक उत्तर मुद्दाम ठेवलेलं असतं.

## टप्पा १०: परीक्षेचा दिवस आणि त्यानंतर

१२० प्रश्न, अडीच तास. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिट. त्यातले २० प्रश्न पुढच्या परीक्षांसाठी चाचणी म्हणून घातलेले असतात, त्यांचे गुण धरत नाहीत. ते कोणते हे कळत नाही, त्यामुळे सगळेच नीट सोडवायचे. प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही आणि मागेही येता येत नाही. विद्यापीठाच्या पेपरला सोपे आधी, अवघड नंतर अशी आपली सवय असते. ती इथे चालत नाही. घरी सराव करतानाही मागे न वळता करा.

उत्तराप्रमाणे पुढचे प्रश्न अवघड-सोपे होत जातात. पेपर अवघड वाटतोय म्हणून घाबरू नका आणि सोपा वाटला म्हणून हुरळू नका. घड्याळ मात्र बघा. चाळीस प्रश्न झाले की पन्नास मिनिटांपेक्षा जास्त गेलेली नसावीत.

नापास झालात तर त्याच राज्याची परीक्षा पुन्हा द्यायला ३० दिवस थांबावं लागतं, आणि एका राज्यासाठी एकूण पाच संधी आहेत. काही राज्यांची मर्यादा याहून कडक आहे, तीही आधी बघून ठेवा. बाहेर आल्यावर परीक्षेतले प्रश्न कुणाला सांगू नका, गटात लिहूनही टाकू नका. तो नियमभंग आहे आणि निकाल रद्द होऊ शकतो. त्याऐवजी घरी येऊन आपल्याच वहीत कोणते विषय कच्चे वाटले, एवढंच लिहा. मग त्या तीस दिवसांत टप्पा ५ च्या त्याच ओळी मूळ कायदा उघडून पुन्हा भरा. नवं पुस्तक विकत घेऊ नका.

पास झालात तरी ती दोन रकान्यांची वही टाकून देऊ नका. पहिल्या नोकरीत ती काउंटरखाली ठेवायला उपयोगी पडते. पुढे न्यूजर्सीला किंवा टेक्सासला जायची वेळ आली, तर परवाना हलवताना त्या राज्याची कायद्याची परीक्षा सहसा पुन्हा द्यावी लागते. तेव्हा डावा रकाना केवळ तारखा तपासून तसाच वापरता येतो, फक्त उजवा नव्याने भरायचा.